हनुवटीपासून टाळूपर्यंत

संगणकाच्या मते शीख माणसाची हनुवटी छातीवर असते आणि टाळू पगडीच्या टोकावर. म्हणजे आमचा चेहरा साधारण दीड फुटांचा. आठ वर्षं मी रोज या यंत्राशी भांडते आहे आणि माउस धरून त्याला दाखवते आहे, की बाबा रे, दाढीच्या आत कुठेतरी हनुवटी आहे, पगडीच्या आत कुठेतरी टाळू आहे, जरा विश्वास ठेव.

माझा धंदा पासपोर्टच्या फोटोंचा. हॅम्बर्गमध्ये एका आम्टपासून, म्हणजे सरकारी कचेरीपासून, दोन गल्ल्या सोडून फ्राऊ पेटरसन यांचं फोटोचं दुकान आहे, तिथे मी काम करते. लोकांना वाटतं, पासपोर्टचा फोटो काय, उभं करायचं आणि बटण दाबायचं. लग्नाचे फोटो काढणारे तर आमच्याकडे असं बघतात, जसं गवई दारावरच्या बेलकडे बघेल. पण लग्नात नवरी हसली तर चालते. आमच्याकडे हसायचं नाही, दात दिसायचे नाहीत, डोळे उघडे, मान सरळ, मागची भिंत फिकट, आणि हनुवटीपासून टाळूपर्यंतचा चेहरा फोटोच्या साधारण पाऊण उंचीत बसलाच पाहिजे. आता तर कागदी फोटो चालतच नाहीत. आम्ही काढलेला फोटो थेट आम्टच्या संगणकाकडे जातो आणि गिऱ्हाइकाच्या हातात फक्त एक चिठ्ठी पडते. नाहीतर मग आम्टमध्ये एक उभं यंत्र बसवलं आहे. त्याच्यापुढे उभं राहायचं, ते स्वतःच फोटो काढतं आणि स्वतःच नापास करतं.

मी हरलीन कौर, वय एकतीस, गाव नांदेड. आमच्या घरी मराठीच बोलतात. पंजाबी मला येते, पण तिच्यात गोदावरीचं पाणी इतकं आहे की लुधियानाची माणसं ऐकताना हळूच हसतात. मीही दस्तार, म्हणजे पगडी, बांधते. त्यामुळे मुलाखतीला आले तेव्हा फ्राऊ पेटरसननी पहिला प्रश्न तोच विचारला.

"हे डोक्यावरचं कामात आडवं येईल का?"

"मी कॅमेरा डोळ्याला लावते, डोक्याला नाही."

"गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. "सोमवारी ये."

आमच्या वडिलांचा नांदेडात छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर पोट आणि पत्रकांवर जीव. गिरणी बंद पडली, पत्रक. नळाला पाणी नाही, पत्रक. बुवा आला, पत्रक. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या घड्या घालता घालता, त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'निषेध असो' असतंच, फक्त काही लोक आळसानं ते गाळतात. ही सवय मी जर्मनीतही आणली. दुकानात कुणी सहज विचारलं, "तुम्ही इराणच्या का?" तरी माझं उत्तर तीन मुद्द्यांत यायचं.

आणि विचारणारे काही फक्त जर्मन नसतात. एकदा पुण्याचं एक जोडपं तान्ह्या मुलीचा फोटो काढायला आलं, दोघंही सॉफ्टवेअरमधले. बाळ गाढ झोपलेलं आणि नियम असा की डोळे उघडे हवेत. मी आपलं म्हटलं, "असू द्या, उठेल तेव्हा काढू, घाई नाही." बाई जागच्या जागी थांबल्या.

"अय्या, किती छान मराठी बोलता तुम्ही. कुठे शिकलात?"

"नांदेडला. आणि तुम्ही?"

"आम्ही? आम्ही पुण्याचेच की."

"तुम्हीही छान बोलता."

नवरा आधी हसला. बाईंनी क्षणभर मला न्याहाळलं आणि मग त्याही अशा हसल्या की बाळ दचकून उठलं, डोळे टक्क उघडे. तेवढ्यात मी फोटो काढला. पुढची वीस मिनिटं मी त्यांना नांदेडचा गुरुद्वारा, लंगर, महाराष्ट्रातले शीख हे सगळं सांगितलं. शाळेतल्या पुस्तकात होतं हो, असं दोघंही म्हणत राहिले आणि काय होतं ते दोघांनाही आठवेना. बाळ तेवढं मन लावून ऐकत होतं.

तर अशी मी. आता करतार सिंगांची गोष्ट सांगते. तिच्यात मी फार शहाणी दिसत नाही, पण तिच्याइतकी चांगली गोष्ट माझ्याकडे दुसरी नाही.

दिवाळीला सहा आठवडे होते. करतार सिंग दुकानात आले, वय पंचाहत्तरच्या आसपास, पांढरीशुभ्र दाढी, पांढरी पगडी, गुडघ्याला पट्टा. मी त्यांना गुरुद्वाऱ्यात पाहिलेलं होतं. ते मूळचे होशियारपूरकडचे, चाळीस वर्षं इथल्या बंदरावर गोदामात काम केलेलं, पासपोर्ट जर्मन. त्याची मुदत संपली होती. त्यांना जायचं होतं माझ्या गावी. दिवाळीच्या आदल्या दिवशी नांदेडला तख्तस्नान असतं. लोक गोदावरीचं पाणी घागरींत भरून आणतात आणि त्या पाण्यानं तख्त साहिब धुतात. लहानपणी मीही लोटाभर पाणी आणलं आहे, त्यातलं अर्धं स्वतःवर सांडून. करतार सिंगांना एक घागर उचलायची होती. त्यांच्या बायकोची ती इच्छा होती. ती दोन वर्षांपूर्वी गेली आणि राहिलेली इच्छा यांच्याकडे आली.

"डॉक्टर म्हणतो, पुढच्या वर्षी गुडघा बदलायचा," ते म्हणाले. "मग घागर कुठली? यंदाच, पुत्तर."

आम्टमधल्या यंत्रानं त्यांचा फोटो तीनदा नाकारला होता. पहिल्या खेपेला काउंटरवरचा एक पोरगेलासा कारकून म्हणाला होता, "दोन मिनिटं काढून ठेवा ना ते, फोटोपुरतं." करतार सिंग उठून घरी आले होते. नंतर पुन्हा दोनदा गेले, पुन्हा तेच. खिशातून ते एक घडी घातलेली चिठ्ठी काढत होते, "हे बघ, यंत्रानं काय दिलंय," पण 'काढून ठेवा ना' ऐकल्यावर मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. माझ्या कानात छापखाना सुरू झाला होता.

त्यांना हवा होता एक फोटो. माझ्यामागे स्टुडिओ होता. पाच मिनिटांचं काम. फ्राऊ पेटरसननी दिवाही लावला होता.

मी म्हटलं, "बाबाजी, फोटो मी काढणार नाही."

फ्राऊ पेटरसननी दिवा बंद केला.

माझं तत्त्व असं होतं: ते यंत्र प्रत्येक नागरिकाचं आहे. गोऱ्या माणसानं यंत्रापुढे उभं राहायचं आणि शीख माणसानं दोन गल्ल्या चालत दुकानात यायचं, हा भेदभाव. आज मी फोटो काढला तर भेदभाव झाकला जाईल. यंत्रानंच फोटो काढला पाहिजे, पगडीसकट. हे मी करतार सिंगांना पंजाबीत, फ्राऊ पेटरसनना जर्मनमध्ये आणि स्वतःला मराठीत समजावून सांगितलं.

"आधी फोटो काढ, मग काय लिहायचं ते लिही," फ्राऊ पेटरसन म्हणाल्या.

"फोटो काढला की तक्रारच उरणार नाही."

"हो. म्हणजे त्यांचं काम झालेलं असेल."

करतार सिंगांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "नांदेडची पोरगी म्हणतेय तर तसं करू," ते म्हणाले. हे वाक्य मला त्या वेळी फार गोड वाटलं.

मी पत्रक लिहिलं. चार पानी, जर्मनमध्ये, ठळक मथळ्यांसह. मथळा होता: 'डोकं माणसाचं की यंत्राचं?' पगडी ही टोपी नव्हे, इथपासून सुरुवात, मग केस न कापण्याची परंपरा, मग मानवी हक्क, मग करतार सिंगांचं आयुष्य. बंदरावर नोकरी मागायला गेले तेव्हा मुकादमानं सांगितलं होतं, पगडी आणि दाढी घरी ठेवून ये. त्यांनी केस कापले. निवृत्त झाल्यावर पुन्हा वाढवले. यावर मी एक परिच्छेदच लिहिला आणि त्याचं शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की मी ते ठळक केलं: 'चाळीस वर्षांच्या शरणागतीनंतर हे डोकं पुन्हा झुकणार नाही.'

दुकानातला साधा कागद संपला होता, म्हणून मी ते चकचकीत फोटोच्या कागदावर छापलं. एखाद्या लग्नाच्या अल्बमसारखं दिसत होतं. आम्टच्या प्रमुखांना एक, दोन वर्तमानपत्रांना एकेक, नगरसेवकाला एक, गुरुद्वाऱ्याच्या फळ्यावर एक. वडिलांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांना जर्मन येत नाही, तरी त्यांनी चारही पानं ऐकली.

"आवाज तर चांगला लागलाय," ते म्हणाले. "खाली आपलं नाव टाकलीस का? बिननावाचं पत्रक पळपुटं असतंय."

नाव टाकलं होतं. मग आम्ही वाट पाहिली. वर्तमानपत्रांनी काही कळवलं नाही. नगरसेवकाच्या कार्यालयानं आभार मानले आणि वाढदिवसाच्या शुभेच्छाही दिल्या, त्या का ते कळलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. करतार सिंग दर शनिवारी दुकानात येऊन स्टुलावर बसायचे, चहा घ्यायचे, "काही आलं?" विचारायचे आणि आपल्या गुडघ्याला हळूच हात लावायचे. गुरुद्वाऱ्यातून बाराजणांचा जथा निघणार होता, त्यांचं तिकीट त्यातच होतं. मी म्हणायचे, "बाबाजी, थोडा धीर." धीर त्यांचा, तत्त्व माझं, अशी आमची वाटणी होती.

साडेतीन आठवड्यांनी उत्तर आलं. हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांट नावाच्या अधिकाऱ्यानं शुक्रवारी अकरा वाजता भेटायला बोलावलं होतं. जथ्याचं विमान त्याच्या पुढच्या गुरुवारी. तातडीचा पासपोर्ट तीन कामाच्या दिवसांत मिळतो, पण अर्ज शुक्रवारी बाराच्या आत द्यायला हवा, कारण शुक्रवारी आम्ट बाराला बंद होतं. म्हणजे सगळं एका तासात.

मी इस्त्रीची केशरी दस्तार बांधून गेले. फ्राऊ पेटरसन दुकानाला कुलूप लावून बरोबर आल्या, का ते सांगितलं नाही. त्यांच्या पांढऱ्या केसांवर पाऊस पडला होता आणि त्या तो रुमालानं टिपत होत्या. हेर ब्रांट निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. टेबलावर माझं पत्रक, लखलखत.

"फ्राऊ कौर, मी हे पूर्ण वाचलं," ते म्हणाले. "आमच्या सहकाऱ्यानं पगडी काढायला सांगितलं, ते चूक होतं. धर्माचं कारण असेल तर डोकं झाकलेलं चालतं. ते मी त्याला सांगितलं आहे आणि हेर सिंग यांची मी माफी मागतो."

मी सहाव्या मुद्द्याची तयारी करून आले होते. पहिल्याच मुद्द्यावर समोरच्यानं मान्य केलं की बोलणाऱ्याची फार पंचाईत होते.

"पण यंत्र," मी म्हटलं. "यंत्राला पगडी चालत नाही."

"हे बघा, यंत्राला पगडी चालते. काल काळ्या पगडीतले एक गृहस्थ होऊन गेले, एका फटक्यात." त्यांनी करतार सिंगांकडे पाहिलं. "चिठ्ठी आहे का तुमच्याकडे? यंत्र कारण छापून देतं."

करतार सिंगांनी खिशातून ती चिठ्ठी काढली. तीच. घड्या पडून पडून कापडासारखी झालेली. हेर ब्रांटनी ती उलगडून माझ्यापुढे ठेवली. त्यावर एकच ओळ होती: पार्श्वभूमी आणि डोकं यांत पुरेसा फरक नाही.

मी ओळ वाचली. मग करतार सिंगांची पांढरी पगडी पाहिली. मग दाराच्या काचेतून बाहेरच्या दालनातली, त्या यंत्रामागची पांढरी भिंत पाहिली.

पांढऱ्यावर पांढरं. यंत्राला डोकं कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळत नव्हतं. आमच्या धंद्यात हे शिकाऊ उमेदवाराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी स्वतः चार उमेदवारांना शिकवलं आहे.

"आमच्या गावच्या आज्यांचंही हेच होतं," हेर ब्रांट म्हणाले. "पांढरे केस. यंत्राला वाटतं डोकं अर्धंच आहे. त्या फार चिडतात."

"मीसुद्धा," फ्राऊ पेटरसन म्हणाल्या. "जूनमध्ये. दोनदा नापास."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तू लिहीत होतीस."

मला खरं तर रडू यायला हवं होतं, पण पोटातून हसू फुटायला लागलं. करतार सिंगांना सगळं समजत होतं, चाळीस वर्षांचं जर्मन होतं त्यांचं. ते म्हणाले, "पुत्तर, घरी निळी पगडी आहे. काळी पण आहे. तू विचारलं असतंस तर बांधून आलो असतो."

"मग पांढरीच का घालून जात होता तीनदा?"

"फोटोला जायचं म्हणून चांगली धुतलेली घातली."

हेर ब्रांट पत्रकाची पानं उलटत होते. ठळक ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "एक विचारायचं राहिलं. इथे लिहिलंय, चाळीस वर्षांची शरणागती. हेर सिंग, हे तुमचं म्हणणं आहे?"

करतार सिंगांनी पान हातात घेतलं, लांब धरलं, ओठ हलवत वाचलं. मला त्या खोलीतून बाहेर जावंसं वाटलं. ते पान गुरुद्वाऱ्याच्या फळ्यावर साडेतीन आठवडे लागलेलं होतं.

"शरणागती?" ते म्हणाले. "नाही, नाही. मी शिफ्टला होतो."

हेर ब्रांटनी मान डोलावली, जणू सरकारी नोंद दुरुस्त झाली. मग घड्याळ पाहिलं. अकरा वीस.

"निळी घेऊन येतो," करतार सिंग उठायला लागले. घर बसनं पंचवीस मिनिटं, जायला. यायला तितकीच.

"कशाला?" फ्राऊ पेटरसन म्हणाल्या. "आम्ही काय यंत्र आहोत?"

पुढचा अर्धा तास माझ्या नोकरीतला सगळ्यात आनंदाचा. आम्ही तिघं पावसातून निघालो, पट्टा लावलेला गुडघा मध्ये आणि दोन्ही बाजूंना दोन बायका. रस्ता ओलांडताना फ्राऊ पेटरसननी हात वर करून एक अख्खी बस थांबवली. दुकानात शिरल्या शिरल्या मी करतार सिंगांना भिंतीपासून दोन मीटर पुढे बसवलं, म्हणजे त्यांच्यावरचा उजेड भिंतीपर्यंत पोचणार नाही. भिंतीवरचे दिवे बंद केले, भिंत राखाडी झाली. एक दिवा बाजूनं, थोडा मागून, त्यानं पगडीच्या कडेवर रेघ उमटली. फ्राऊ पेटरसननी खालून पांढरा पुठ्ठा धरला, म्हणजे पगडीची सावली कपाळावर पडणार नाही. पगडीची एकेक घडी मोजता येत होती.

"हसू नका, बाबाजी."

"मी हसत नाही. तू हसतेयस."

खरं होतं. कॅमेरा हलत होता. तीन वेळा श्वास धरून मी फोटो काढला, हनुवटी हातानं दाखवली, टाळू हातानं दाखवली. पडद्यावर हिरवी खूण आली. फोटो आम्टकडे पाठवला, चिठ्ठी छापली आणि तिघं पुन्हा पावसात.

बाराला सहा मिनिटं कमी असताना अर्ज दाखल झाला. हेर ब्रांटनी जाता जाता मला विचारलं, पत्रकातला काही भाग ठेवून घेऊ का, काउंटरवरच्या लोकांसाठी. मी म्हटलं, जरूर. त्यांनी लाल पेन घेऊन चार पानांच्या सहा ओळी केल्या, जसं की: ही टोपी नाही, काढायला सांगू नका, दाढीत हनुवटी कुठे शोधायची, कारणाची चिठ्ठी माणसाला वाचून दाखवा. ही शेवटची ओळ माझी नव्हती, त्यांनीच घातली. त्या सहा ओळी आज त्या यंत्राच्या बाजूला चिकटवलेल्या आहेत, खाली कुणाचंही नाव नाही. वडिलांना मी ते अजून सांगितलेलं नाही.

मी फळ्यावरचं पान त्याच संध्याकाळी काढलं. माफी मागायला पंजाबी जमवत होते, तेव्हा करतार सिंग म्हणाले, "मराठीत माग, मला कळत नाही, लवकर संपेल."

आमच्या लोकांची ओळख टिकवायची, परक्यांना समजावून सांगायची, हे मी अजूनही करते. रविवारी शाळेच्या मुलांना गुरुद्वारा दाखवते, दुकानात प्रश्नांना तीन मुद्द्यांत उत्तर देते. पण आता आधी चिठ्ठी मागते. आणि फोटो आधी काढते.

बुधवारी पासपोर्ट आला. घ्यायला मी बरोबर गेले. नव्या पासपोर्टात पांढऱ्या पगडीतले करतार सिंग, राखाडी भिंतीपुढे, दिमाखात. हेर ब्रांटनी जुना पासपोर्ट मागितला, तो रद्द करायचा असतो. करतार सिंगांनी तो काढला. मी पहिल्यांदाच आतला फोटो पाहिला. गुळगुळीत हनुवटी, आखूड पांढरे केस, कामावरून थेट आल्यासारखा शर्ट. नजर अगदी तीच.

हेर ब्रांटनी भोक पाडायचं यंत्र पानावर ठेवलं.

"चेहऱ्यावर नको," करतार सिंग म्हणाले. "त्यानं तीन मुलं शिकवली."

हेर ब्रांटनी यंत्र बाजूला ठेवलं, कात्री घेतली आणि कव्हराचा एक कोपरा कापून पासपोर्ट परत दिला. करतार सिंगांनी जुना आणि नवा एकावर एक ठेवले आणि कुडत्याच्या आतल्या खिशात घातले. गुरुवारी दोघेही नांदेडला गेले.